मुक्काम पोस्ट तपासावे

मी एक नकाशा आहे, भिंतीवरचा. तोंड उघडण्याआधी एक कबुली देतो: मला सगळं नीट आठवतंय अशी माझी स्वतःचीच खात्री नाही. माझ्यावर तीन घड्या पडल्या आहेत, आणि घडीवर आलेल्या गोष्टी पुसट होतात. त्यातून ज्या सरांनी मला जन्म दिला, ते घराला कुलूप लावून चार पावलं जायचे आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचे. मूल बापावर जातं, तसा मी त्यांच्यावर गेलो.

सर भूगोलाचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला काढायला घेतलं. माझं नाव 'आडवाटेचे जग'. प्रसिद्ध मनोरे, राजवाडे, पुतळे यांना माझ्यावर थारा नाही. सर म्हणायचे, "तिथे जायला नकाशा कशाला? गर्दीच्या मागे गेलं की झालं." माझ्यावर आहेत ती कुणाच्या खिजगणतीत नसलेली ठिकाणं: गुलाबी पाण्याचं तळं, मिठाच्या विटांचं मुक्कामघर, अख्खं गाव पोटात घेऊन बसलेली टेकडी. एकूण एक्केचाळीस. थांबा. हो, एक्केचाळीसच.

प्रत्येक ठिकाणापुढे आधी नाव, मग एका ओळीत माहिती. अडलं ते सतराव्या ठिकाणी. ते एक निर्मनुष्य बेट. त्याच्या माथ्यावरून दगडी पायऱ्या खाली येतात आणि सरळ समुद्रात शिरतात. कुणी बांधल्या, समुद्रात जाऊन कुणाला काय करायचं होतं, काही कळत नाही. सरांनी दोन जुनी प्रवासवर्णनं धुंडाळली. एकात पायऱ्या दोनशे सहा, दुसऱ्यात दोनशे चौदा. बेटाचं नाव दोन्हीत नाही. सरांनी नावाची जागा कोरी सोडली आणि कडेला पेन्सिलीने लिहिलं, 'तपासावे'.

माझ्यावर अक्षरं घालणारा चित्रकार मोठा गुणी माणूस. त्याला कोरी जागा दिसली, कडेला एक शब्द दिसला. बाकीची चाळीस नावं तरी त्याने कुठे ऐकली होती? त्याने कोऱ्या जागेत सुरेख, वळणदार अक्षरांत लिहिलं: तपासावे. पायऱ्यांचा आकडा मात्र त्याला सापडला नाही, म्हणून 'समुद्रात उतरणाऱ्या असंख्य पायऱ्या'.

छापून आल्यावर सरांच्या बायकोने चष्मा लावून माझी एक प्रत पाहिली. "अहो, हे तपासावे कुठे आलं?"

"काय तपासावे?"

"तेच विचारतेय. समुद्रात दिसतंय."

सरांनी तिथल्या तिथे पेन उघडलं. पण तोवर मी आणि माझी बाकीची भावंडं दुकानोदुकानी गेलो होतो. सर खिशात पेन घालून एकेका भावंडाला गाठायला बाहेर पडले.

मी एका प्रवास कंपनीच्या कचेरीत लागलो होतो, पाणी प्यायच्या पिंपाच्या वर. तिथले मालक कुठल्याही प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणत नसत. सर दर आठवड्याला येत, "दोनच मिनिटं, एक शब्द खोडायचाय" म्हणत, आणि मालक म्हणत, "सर, भिंतीची शोभा जाईल."

एक दिवस तिघं आली. वीजमंडळातून निवृत्त झालेले मीटरवाले काका, त्यांची बायको, आणि काकूंच्या थोरल्या जाऊबाई. काकू जन्मात कुठे गेल्या नव्हत्या. जाऊबाई सगळीकडे जाऊन आल्या होत्या, आणि धाकटीला कुणी फसवू नये म्हणून मुद्दाम सोबत आल्या होत्या.

"मला कुठेही चालेल," काका म्हणाले. "संडास जवळ असला म्हणजे झालं."

काकूंनी मान वर करून मला पाहिलं. असं मला कधी कुणी पाहिलं नव्हतं. लोक पाणी प्यायचे आणि माझ्याकडे बघत चूळ भरायचे.

"हे गुलाबी तळं?"

"पाहिलंय," जाऊबाई म्हणाल्या. "फोटोत गुलाबी. बाकी आपलं पाण्यासारखं पाणी."

"मिठाचं मुक्कामघर?"

"अंगाला खाज सुटते गं, धाकटे."

मग काकू मालकांकडे वाकून हळूच म्हणाल्या, "आमच्या जाऊबाई गेल्या नसतील असं काही आहे का हो? एकच पुरे."

त्यांचं बोट माझ्यावर फिरत फिरत सतरावर थांबलं. "तपासाव्याला जाऊ या?"

"वा! तपासाव्याला सध्या हंगामच आहे," मालक म्हणाले.

माझा कागद शहारला.

"तपासावे होय?" जाऊबाईंनी पदराने वारा घेतला. "आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिथेच तर होतो. दमट आहे. पण माणसं फार प्रेमळ."

काकूंचं बोट माझ्यावरून खाली आलं. तेवढ्या एका ठिपक्यावर त्यांचा हक्क होता, तोही गेला. मला वाटलं खिळा सोडून खाली पडावं. पण मी कसला पडतोय! तेवढ्यात दारातून पेन पुढे करत सर आले आणि त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं.

"अहो बाई, तपासावे हे गाव नाही. ती माझी टीप आहे. पायऱ्या किती ते तपासावे."



"मी दुसऱ्या तपासाव्याबद्दल म्हणत होते," जाऊबाई म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मालक पाणी प्यायला उठले.

"पण ठिकाण आहे ना, सर?" काकूंनी विचारलं. "नाव नसेना का."

"आहे. म्हणजे, बहुधा आहे. आकडा तेवढा जुळत नाही."

मीटरवाले काका ताठ बसले. "जुळत नाही म्हणजे? पस्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचलेत मी. जायचं, वाचायचा, लिहायचा. अगं, आपण जातोय."

मालकांनी तीन आठवडे फोन फिरवले आणि बेटाजवळचं एक बंदर शोधून काढलं. दोघं गेली, आणि माझी झोप उडाली. बेट नसलं तर? एका कोऱ्या जागेपायी दोन म्हातारी माणसं समुद्रात भिरभिरत असतील! सरांचंही तेच; ते रोज येऊन माझ्याखाली बसत.

महिन्याभराने काकू आल्या, रापलेल्या, नाकाचं साल गेलेलं. "आहेत हो! तासभरच थांबू दिलं बोटवाल्याने, पण आहेत. पाण्यापर्यंत दोनशे सहा."

"तीनदा मोजल्या," काका म्हणाले.

सर दोन मिनिटं आनंदात होते. मग त्यांचा चेहरा पडला. "मग तो दोनशे चौदावाला खोटं का बोलला असेल?"

पुढे ती कचेरी बंद झाली आणि काकू मला घरी घेऊन आल्या. आता मी त्यांच्या बोळात लटकतो, विजेच्या मीटरच्या वर. कडा कुरतडल्या गेल्यात. गुलाबी तळं रंग उडून पांढरं झालंय, म्हणजे जाऊबाईंचं एका परीने खरं झालं. त्या येतात तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसतात. निदान पूर्वी बसायच्या. सहा वर्षांनी काकूंनीच त्यांना विचारलं, "येता का तपासाव्याला?" जाऊबाई म्हणाल्या, "मला बोटीची भीती वाटते गं." तरी गेल्या.

तुम्हाला एवढंच विनवतो: माझ्यासारख्या जुन्या नकाशावर अडखळणारा शब्द दिसला, तर हसा, पण जमलं तर जाऊनही या. शंका घेणारा माणूस घरी बसून फार झुरतो.

दोघांबरोबर जाऊबाई गेल्या त्या खेपेला परतीची बोट सहा तास उशिरा आली. समुद्र मागे सरकत होता, आणि पाण्याकडे बघत बसलेल्या जाऊबाई एकदम ओरडल्या, "अगं धाकटे, खाली अजून आहेत!"

परत आल्यावर काकूंनी सरांना बोलावून घेतलं. सरांचा हात आता कापतो, म्हणून पेन्सिल काकूंनीच धरली. माझ्यावरच्या 'तपासावे'मधली शेवटची अक्षरं खोडून त्यांनी 'तपासले' केलं, आणि खाली काकांनी मोजून सांगितलं तसं लिहिलं: भरतीला दोनशे सहा, ओहोटीला दोनशे चौदा.