पाटीवरचा ससा

मलेशियातल्या ताईपिंगमध्ये पाऊस पडेल का, असं कोणी विचारत नाही. किती वाजता, एवढंच विचारतात. सोमवारी धावणाऱ्यांचा क्लब पावसासाठी थांबत असता, तर पहिल्याच महिन्यात बुडाला असता.

क्लबचे नियम मळेवाल्या गोऱ्यांनी सागवानी फळ्यावर रंगवले होते, आणि ते बदलायचे कसे हे लिहायला विसरून ते मायदेशी निघून गेले होते. धाव सोमवारी होते आणि रद्द होत नाही. धावणाऱ्याच्या डोक्यावर आभाळ हवं. पाटीवर सशाचं नाव लागलं की ससा बदलत नाही.

ससा म्हणजे आधी जाऊन रस्त्यावर, रबराच्या मळ्यात, ओढ्यापलीकडे कागदाचे कपटे टाकत वाट आखणारा. बाकीचे सगळे कुत्रे. त्यांनी माग काढायचा आणि कागद दिसला की ‘ऑन ऑन!’ असं ओरडायचं. ससा मध्येच खोटी वाटही टाकतो. तिथे कागद एकाएकी संपतात, आणि कुत्र्यांना मागच्या वळणावर येऊन पुन्हा शोध घ्यावा लागतो. शेवटी ससा बिअरच्या खोक्यावर बसलेला सापडला, तर धाव झाली. नाहीतर नाही.

लेचुमनन त्या वर्षी अध्यक्ष होता. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. साथीच्या काळात बाहेर पडायला बंदी होती, आणि बाकीच्यांच्या बायका त्यांना अंगणातही जाऊ देत नव्हत्या. तेव्हा क्लबची परंपरा एकट्या लेचुमननने टिकवली. तो दर सोमवारी इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीभोवती, स्वतःच कागद टाकत आणि स्वतःच ते शोधत धावायचा. खालच्या बाईंनी पोलीस बोलावले. पोलिसाने वर येऊन विचारलं, “काका, बरं वाटतंय ना?” लेचुमनन म्हणाला, “आज सोमवार आहे,” आणि पुढच्या फेरीला गेला. असा माणूस आपल्या अध्यक्षपदात सोमवारांची न चुकलेली साखळी तुटू देणार नव्हता.

आणि शुक्रवारी एंग स्वी वारला. एंग स्वीचं बिस्किटांचं दुकान होतं. खोट्या वाटा टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खोट्या वाटेच्या टोकाला तो दुकानातल्या बिस्किटांचा एक डबा ठेवायचा, फसलेल्यांचं सांत्वन म्हणून. सोमवारी दफन होतं, आणि सोमवारच्या पाटीवर नाव त्याचंच होतं.

“दुसरा ससा लावू,” लेचुमनन म्हणाला.

“पाटी पुसायची नाही,” रझाली म्हणाला. रझाली क्लबचा सचिव. बिअरला शिवत नसे, सरबतावर भागवायचा. पण फळ्यावरचा शब्द त्याला प्रमाण होता. “मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा याच एंग स्वीने माझं नाव पुसू दिलं नव्हतं. म्हणाला, ताप माणसाला येतो, सशाला नाही. मग आता त्याला कशी सूट?”

“अरे, तो मेलाय.”

“फळ्यावर ‘मेल्यास’ असं कुठे आहे, दाखव.”

लेचुमननने फळा वाचला. तसं कुठेच नव्हतं. मग त्याच्या डोक्यात आलं ते त्याने सावकाश, वर्गात बोलावं तसं मांडलं. चिन्यांच्या अंत्ययात्रेत वळणावळणावर, पुलापुलावर पिवळे कागद टाकतात. वाटेतल्या भुकेल्या भुतांनी मेलेल्याला अडवू नये म्हणून ती त्यांची जकात.

“सोमवारी एंग स्वी घरातून निघणार. कागद टाकत जाणार. शेवटी एका जागी थांबणार.”

रझालीने फळ्यावरच्या ओळींवर बोट फिरवलं. मग म्हणाला, “बिअर?”

“तिचं बघू.”

एंग स्वीची बायको स्यू लान दारातल्या मांडवात बसून अंत्यविधीत जाळायच्या सोनेरी कागदांच्या घड्या घालत होती. लेचुमननने टोपी काढली आणि विषय काढला.

“नाही,” ती म्हणाली.

“वहिनी, ऐकून तर—”

“इतकी वर्षं सोमवार तुमचेच होते ना? थोरली सोमवारी झाली. हा चिखलाने माखून इस्पितळात आला. नर्सने भिकारी समजून हाकलला. हा एक सोमवार माझा आहे. शवपेटीमागे हाफपँटीतले म्हातारे केकाटत येणार? सासरची माणसं काय म्हणतील? आणि मला एक सांगा, तुमची ती साखळी तुटली तर काय आकाश कोसळणार आहे?”

लेचुमननने प्रामाणिकपणे विचार केला. “काहीच होणार नाही, वहिनी. म्हणून तर तुटू द्यायची नाही.”

स्यू लानने हातातली घडी पुरी केली. अशी उत्तरं तिने घरात पुष्कळ ऐकली होती.

“कुत्रे सशाच्या किती मागून निघतात?”

“अर्धा तास.”

“पाऊण तास थांबा. ओरडायचं नाही. कागद असतील तिथेच यायचं, नसतील तिथे पाऊल टाकायचं नाही.”

“नियमच आहे तो.”

“आणि कागद मध्येच संपले तर?”

“मग ती खोटी वाट. मागे फिरायचं.”

“असं होय,” ती म्हणाली आणि पुढचा कागद घेतला.

सोमवारी पाऊस यात्रेच्या आधीच आला. क्लबचे कपटे अशा पावसात वाहून जातात. पण हे पिवळे कागद डांबराला चिकटून बसले होते. पाऊण तासाने कुत्रे निघाले. कबूल केल्याप्रमाणे ओरडले नाहीत. ढगांचा गडगडाट चालू असताना पिकल्या केसांचे गृहस्थ एकमेकांच्या कानाशी लागून ‘ऑन ऑन’ असं कुजबुजत घड्याळाच्या मनोऱ्यावरून बाजारात आणि बाजारातून पुलावर आले. पुलावर कागद डावीकडे वळले.

“दफनभूमी सरळ आहे,” मागून कोणी म्हणालं.

“कागद डावीकडे आहेत,” लेचुमनन म्हणाला.

कागद त्यांना केळीच्या बागेतून, कुंपणाखालून, गुडघाभर चिखलातून कथिलाच्या जुन्या खाणीच्या तळ्यावर घेऊन गेले आणि काठावर संपले. शेवटच्या कागदावर बिस्किटांचा डबा होता. झाकण घट्ट लावलेलं, आत बिस्किटं कोरडी.

“खोटी वाट,” रझाली म्हणाला. “सही त्याचीच.”

“तो मेलाय, रझाली.”

“डबा ताजा आहे.”

बिस्किटं खाऊन सगळे पुलावर परतले. आता शेवटच्या वळणापासून पुन्हा शोध. पण सरळ रस्त्यावर कागदच नव्हता. पुलापलीकडचा रोटीवाला गंमत बघत उभा होता.

“काका, त्या बिस्किटवाल्यांचीच यात्रा ना? ही इकडे सरळ गेली.”

“ठाऊक आहे.”

“मग जा की.”

“कागद नाही.”

“दफनभूमी कुठे पळून जाते काय? सगळ्या गावाला माहीत आहे, माणूस मेला की कुठे जातो!”

“माहीत असून काय उपयोग?” लेचुमनन चिडून म्हणाला. “कागद लागतो!”

रोटीवाल्याने कपाळाला हात लावला. “गाड्यापुढे पडलेले मीच झाडून टाकले, काका. गिऱ्हाईक बिचकतं.”

लेचुमनन पावसात मटकन खाली बसला. गच्चीवरच्या त्या सगळ्या फेऱ्या वाया जाणार होत्या, त्याही एका झाडूमुळे. तेवढ्यात गाड्याखालचं भटकं कुत्रं उठलं, आळस देऊन सरळ रस्त्याने चालू लागलं. त्याच्या ओल्या पाठीवर पिवळा कागद चिकटलेला होता.

सगळ्यांनी रझालीकडे पाहिलं.

“कागद जमिनीवरच हवा, असं फळ्यावर नाही,” रझाली म्हणाला.

“ऑन ऑन!” लेचुमनन दिलेला शब्द विसरून ओरडला. कुत्रं घाबरून पळालं, आणि क्लब त्याच्या मागे.

पुढच्या वळणावर कागद पुन्हा दिसू लागले. दफनभूमीत पोचले तेव्हा नातेवाईक निघून गेले होते. नव्या मातीशेजारी, छत्री धरून, बिअरच्या खोक्यावर स्यू लान एकटी बसली होती.

“उशीर केलात,” ती म्हणाली.

रझालीने केसांतलं पाणी निपटलं आणि घसा साफ केला. “वहिनी, नियमाने विचारावं लागतं. कागद कोणी टाकले?”

ती ‘मी’ म्हणाली असती तर ससा बदलला असता आणि धाव बाद झाली असती.

“कागद त्याचे,” स्यू लान म्हणाली. “मी फक्त हात लावला.”

रझालीने फळा मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत वाचला. हाताबद्दल काही नव्हतं. “धाव झाली,” तो म्हणाला.

“आणि तळ्याकडची वाट?” लेचुमननने विचारलं.

“ती माझी. भाचीला मोटरसायकलवर पाठवलं होतं. मला तो तासभर तुमच्याशिवाय हवा होता.”

लेचुमननने बाटली उघडून पहिली धार मातीवर सोडली, कारण आधी ससा पितो. मग बाटली तिच्यापुढे धरली. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“गरम आहे. हेच प्यायला जायचा होय?”

ती उठली, छत्री सावरून फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

“पुढच्या सोमवारी पाटीवर कोण आहे?”

“रझाली.”

“त्याला ताप आला तर कळवा,” ती म्हणाली. “हात लावायला येईन. घरी कागद पुष्कळ उरलेत.”