बाहीची आतली बाजू

राजसीने आजवर भुताखेतांच्या जेवढ्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या होत्या, त्या सगळ्यांत तिच्यासारखी एक मुलगी असायचीच. चष्मेवाली, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी, नायिकेची जिवलग मैत्रीण. ती टॉर्च धरायची, जुन्या ग्रंथांतून मंत्र शोधून द्यायची आणि कादंबरी अर्ध्यावर यायच्या आत मरायची. मग नायिका तिच्या आठवणीने पेटून उठायची आणि दुष्टात्म्याचा नायनाट करायची. बदलापुरात मांजर्लीतल्या आपल्या खोलीत पांघरुणात शिरून वाचताना राजसी दरवेळी ठरवायची, की या वेळी आपण नायिका व्हायचं. पण पानं उलटता उलटता कधी त्या चष्मेवालीच्या शेजारी जाऊन बसली, हे तिलाही कळायचं नाही.

"मरणारच ना ती," रविना म्हणाली. "एकटी तळघरात कशाला जाते? वरती आई बसलीये घरात. तिला सांग ना."

रविना तिची अकरावीतली मैत्रीण. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायची. तिच्या घरात भिंतीला लागून जीन्सचा ढीग असायचा. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचं काम तिची आई घरी आणायची. राजसी शनिवारी तिथे गेली की तिच्याही हातात एक कटर दिला जायचा. धागे कापत राजसी कादंबरी सांगायची आणि रविना त्यात खोड्या काढायची.

"आईला सांगितलं तर कादंबरी कशी होईल?"

"नको होऊ दे. पोरगी तर वाचेल."

त्या शनिवारी रविनाने नवं डेनिमचं जॅकेट घालून दाखवलं. उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिच्या आईने शिवलेलं, पण काय दिसत होतं. राजसी म्हणाली, एकदम ब्रँडेड वाटतंय.

"बाहेरून कोण पण बनवतं यार. इथे तर आख्ख्या दुनियेचा माल बनतो," रविना म्हणाली. "माल बघायचा तर उलटा करून बघायचा. बाहेरचं दुकानदारासाठी, आतलं आपल्यासाठी." तिने बाहीचं टोक जरासं उलटून दाखवलं. आत लाल फुलांचं अस्तर होतं. "माझा लहानपणीचा फ्रॉक आहे हा. मम्मीने फेकला नव्हता. कॉलेजमध्ये कोणाला बोललीस ना, तर बघ."

कटर जॅकेटच्या आतल्या खिशात टाकत ती पुढे म्हणाली, "आणि तुला एवढी भुतांची हौस आहे ना, तर उद्या चल. आत्याच्या वाडीवर एक आहे. फुकटात दाखवते."

राजसीला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी बदलापूरहून टमटमने बारवी धरणाच्या दिशेने जाताना तिची सॅक मांडीवर होती. सॅकमध्ये मिठाची पुडी होती, एक लोखंडी खिळा होता आणि आईच्या नकळत उचललेलं चांदीचं पैंजण होतं. तिच्या कादंबऱ्यांत या तिन्हींवाचून पान हलत नसे. थंडी होती तरी तिच्या तळहातांना घाम सुटला होता.

रविनाची आत्या चंद्री, टेकडीच्या उतारावर तिचं घर. चुलीवर तांदळाची भाकरी फिरवता फिरवता तिने राजसीला नीट न्याहाळलं.

"ही काय गो तुझी पुस्तकवाली?"

"हीच. आते, हिला जोडीण बघायची आहे."

चंद्रीच्या हातातली भाकरी क्षणभर थांबली. "डोहावर जा, हातपाय धुवा, कोन नाय बोलत नाय. पन उन्हं डोक्यावर आली का पान्यात वाकू नका. दोघी मिळून तर नकोच."

"का?" राजसीने विचारलं. आवाजातली उत्सुकता लपवायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

"जोडीण मानसाची जोडी करते. हुबेहूब. एक जोडी घरला धाडते, आनि जी खरी, ती तिथंच राहते. तिला गुंतवायला दुसरीची जोडी बसवते बाजूला. धाडलेली एकदा उंबऱ्याच्या आत आली का झाली ती आपली. मग खरी पोर सापडत नाय." तिने भाकरी निखाऱ्यावर टाकली. "आनि वाटेत चकल्यागत वाटलं तर अंगातलं कापड उलटं करा. माझी आय सांगायची. का, ते तिलाबी ठाव नव्हतं. येताना दारात थांबा, तुकडा ओवाळल्याबिगर आत यायचं नाय."

डोह वाडीपासून फार लांब नव्हता. काळ्या कातळात अडकलेलं हिरवं पाणी, भोवती करवंदीच्या जाळ्या. दोघी पोहोचल्या तेव्हा सूर्य थेट माथ्यावर होता आणि झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा होऊन बसल्या होत्या. एक पाखरू बोलत नव्हतं. राजसीचं काळीज असं धडधडत होतं, जसं परीक्षेच्या निकालालाही कधी धडधडलं नव्हतं. इतकी वर्षं जे पानांत वाचलं, ते हातभरावर होतं.

"वाक ना, फक्त एकदा," ती म्हणाली. "मी पण वाकते."

"आत्या काय बोलली?"

"फक्त एकदा."

रविनाने तिच्याकडे बघून मान हलवली, "झालं की निघूया, भूक लागली," म्हणाली आणि मैत्रीण म्हणून वाकली. दोघींचे चेहरे पाण्यात शेजारी शेजारी दिसले. राजसीने डोळे मिचकावले. पाण्यातल्या राजसीने जरा उशिराने मिचकावले. मग डोहावर ऊन एकदम असं चमकलं, की काहीच दिसेना.

"झालं? निघूया, भूक लागली," रविना म्हणाली आणि चालायला लागली.

झालं तर एवढंच. राजसी थोडी हिरमुसली. वाटेत ती एकटीच बडबडत होती आणि रविना पुढे चालत हसत होती. मधला ओहोळ आला तशी रविना खाली बसली, पाण्यात हात घालण्यापूर्वी तिने जॅकेटच्या बाह्या दुमडल्या. राजसी सहज बघत होती.

दुमडलेली बाही निळी होती.

बाहेरून निळी आणि आतूनही निळीच. फुलं नव्हती, शिवण नव्हती, एक धागासुद्धा नव्हता. राजसीने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. बाही निळीच राहिली.

"रवी, तुझा कटर दे ना," ती कसंबसं म्हणाली. "माझ्या टॉपचा धागा निघालाय."

रविनाने जॅकेटवर बाहेरूनच हात फिरवला, छातीवरून, पोटावरून, जणू आत जायची वाटच नव्हती. मग ती छान हसली. "झालं? निघूया, भूक लागली."

तोच सूर, तेच हसू. पाण्याने जेवढं पाहिलं होतं आणि ऐकलं होतं, तेवढंच तिच्याजवळ होतं.

आता राजसीला कळलं. खरी रविना डोहावर होती, आणि तिला तिथे वाकायला आपण लावलं होतं. पहिला विचार आला तो कादंबरीतला: पळत सुट, एकटी जा, तिला सोडव. तिने वळायला पाऊल उचललंही. मग तिला कॅम्प पाचमधला तो ढीग आठवला आणि त्यामागून आलेला आवाज. वरती आई बसलीये घरात. तिला सांग ना.

ती वाडीकडे धावली. मागून पावलं येत होती, घाई न करता.

"आत्या," ती दुरूनच ओरडली, "हिला आत घेऊ नका. ही आपली नाही. हिच्या बाहीला आतली बाजूच नाही."

चंद्री भाकरतुकडा घेऊन दारातच उभी होती. तिने एकही प्रश्न विचारला नाही. तुकडा बाजूला ठेवला, कोपऱ्यातलं मुसळ उंबऱ्यावर आडवं टाकलं आणि त्याच्यावर ठाण मांडून बसली. "मी हाय हितं. बघते कशी येते ती. तू कापड उलटं कर आनि जा. बोलू नको तिच्याशी."

पेंढ्याच्या गंजीमागे जाऊन राजसीने टॉप काढून उलटा घातला. लेबल गळ्याशी आलं, शिवणी बाहेर आल्या, खांद्यावरचा सुटलेला धागा वाऱ्यावर उडायला लागला. ती बाहेर आली तर समोरच ती उभी होती, रविनाच्या चेहऱ्याची. तिची नजर राजसीवरून सरकून पलीकडे गेली, रिकाम्या अंगणावरून जावी तशी. राजसीला एकदम कळलं. जिला फक्त बाहेरचं माहीत, तिला आतली बाजू ओळखताच येत नाही. चंद्रीच्या आईला ठाऊक नव्हतं ते आपल्याला कळलं, या आनंदाने तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग ती पळाली, आयुष्यात कधी पळाली नव्हती अशी.

डोहाशी रविना कातळावर बसली होती. गुडघे पोटाशी, डोळे गच्च मिटलेले, कानांवर हात. तिच्या शेजारी चष्मेवाली एक मुलगी प्रेमाने बोलत होती.

"वाक ना, फक्त एकदा. मी पण वाकते."

स्वतःचा आवाज असा ऐकणं फार वाईट असतं. राजसीला लाज वाटली आणि त्या लाजेने तिची भीती निम्मी केली.

"रविना, मी आलेय. चल."

"ती पण याच आवाजात बोलते," रविना डोळे न उघडता म्हणाली. तिचा आवाज रडून घोगरा झाला होता. "दोघी पण निघा इथून."

काय सांगावं? मैत्रीची कुठली खूण? कादंबऱ्यांत अशा वेळी नायिका सुंदर काहीतरी बोलते. राजसीला एकही वाक्य सुचलं नाही.

"डोळे उघड आणि माझा टॉप बघ," ती म्हणाली. "नुसता बघ."

रविनाने एक डोळा उघडला. मग दुसरा. ती राजसीच्या खांद्याकडे, काखेतल्या शिवणीकडे, लोंबणाऱ्या धाग्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तिने राजसीचा हात इतक्या जोरात धरला की बोटं दुखली.

"जॅकेट उलटं कर," राजसी म्हणाली.

लाल फुलं उन्हात आली. शेजारची चष्मेवाली गोंधळून इकडेतिकडे पाहायला लागली. तेवढ्यात जाळ्यांमधून दुसरी आली, निळ्या बाह्या दुमडलेली, उंबऱ्यावरून परत फिरलेली. खऱ्या दोघी कातळाला पाठ लावून श्वास रोखून उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर, आणि जोडीणीने केलेल्या दोघींना त्या दिसत नव्हत्या. त्या जोड्या दिसल्या फक्त एकमेकींना.

दोघींचे चेहरे उजळले.

"वाक ना, फक्त एकदा," एक म्हणाली.

"झालं? निघूया, भूक लागली," दुसरी म्हणाली.

त्यांनी एकमेकींचे हात धरले आणि जणू घरी निघाल्यासारख्या पाण्यात उतरल्या. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग डोक्यावरून पाणी गेलं. लाटसुद्धा उठली नाही. कुठेतरी एक पाखरू बोललं, मग दुसरं, आणि खऱ्या दोघी जीव घेऊन पळत सुटल्या, धापा टाकत, आणि का कोण जाणे, हसत.

चंद्री अजून मुसळावरच बसलेली होती. उलटे कपडे घातलेल्या दोन्ही पोरींच्या बाह्या तिने स्वतः दुमडून पाहिल्या, मग त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकला, पायांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "आता या. कालवन थंड झालं."

जेवताना कालवण अळणी लागलं, तेव्हा राजसीने मुकाट्याने सॅकमधून मिठाची पुडी काढून दिली. रविनाने पुडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "भुतासाठी आणलेलं?"

"हं."

"चला, कामाला तर आलं."

परतीच्या टमटममध्ये रविना तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. राजसीला मात्र चैन पडेना. जॅकेट आता सुलटं होतं. चंद्रीने पाहिलं होतं, आपण पाहिलं होतं, तरीही तिने दोन बोटांनी हळूच रविनाच्या बाहीचं टोक उलटलं. लाल फुलं होती. तिने तो काठ बोटांत धरून ठेवला.

"बघ, बघ," रविना डोळे मिटूनच म्हणाली. "मी तर तुझं तेव्हाच चेक केलं."

"एवढ्या पटकन कशी खात्री झाली तुला?"

"काखेतली ती शिलाई बघितली. इतकं खराब काम कुठलं भूत करेल?" ती कूस बदलून आणखी रेलली. "दे तो टॉप शनिवारी. मम्मीकडून नीट करून देते."

"नको," राजसी म्हणाली. "राहू दे तसाच."