तो माझ्याकडे बघायचा

जरा मान वर करा. तिकडे नाही, लोखंडी कपाटाच्या वर. कॅरमच्या फुटक्या बोर्डाला टेकून एक काळपट गोळा बसलाय ना, तो मी. बास्केटबॉल. वर्ध्याच्या एका कॉलेजातल्या या खेळाच्या खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं. अंगातली हवा केव्हाच गेली, म्हणून बसलाय म्हणालो. हवा होती तोवर मला बसणं माहीत नव्हतं.

माझा जन्म जालंधरचा. चामड्याच्या फाका शिवून, आत रबरी ब्लॅडर घालून मला गोल केलं गेलं. शिवणाऱ्या कारागिराने माझ्याकडे नीट बघितलं असेल, पण तेव्हा मी अर्धाच होतो, मला आठवत नाही. पुढे रेल्वेच्या पार्सलने वर्ध्याला आलो. भोयर सर म्हणजे आमच्या कॉलेजचे खेळाचे सर. त्यांनी मला खोक्यातून काढलं, नाकाशी धरून नव्या चामड्याचा वास घेतला आणि तानबा शिपायाला सांगितलं, "याले जपून ठेवजो. दुसरा मिळणार नाई." झालं. तानबाने मला इतकं जपलं की पहिले कित्येक महिने मी कुलपातच होतो.

तुम्हाला वाटत असेल, सामना चालू असताना सगळं मैदान चेंडूकडेच बघत असतं. तसं नसतं. लोक बघतात ते मी कुठे चाललोय ते. स्टँडवर एसटी आली की सगळे पाटी वाचतात, एसटीकडे कोण बघतं? रिंगमध्ये पडलो की टाळ्या होतात, त्याही टाकणाऱ्याला. मी तेवढ्यात जाळीतून खाली घरंगळत कुणाच्या तरी सायकलीखाली जाऊन पडलेलो असायचो.

म्हणून मी माणसांना चेहऱ्यांवरून ओळखायचं सोडून दिलं आणि हातांवरून ओळखू लागलो. ओमप्रकाश हा आमच्या संघाचा उंच खेळाडू. त्याचे हात घामट, पकड घट्ट, आणि मला कधी एकदा रिंगकडे फेकतो अशी घाई. वाईट नव्हता तो. पण त्याच्या हातात मी पाहुण्यासारखा असायचो.

मग प्रेमदास आला.

समुद्रपूरकडच्या एका खेड्यातला हा मुलगा. वसतिगृहात राहायचा, कुणाशी फारसं बोलायचा नाही. अंगाने बारका, उंचीने बुटका, म्हणून सरांनी त्याला गार्ड केलं. गार्डचं काम मागून चेंडू आणायचं, समोर कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि त्याच्याकडे पोचवायचं. चेंडू सगळ्यात जास्त वेळ त्याच्याच हातात असतो आणि नाव दुसऱ्याचं होतं.

पहिल्याच दिवशी मला कळलं की हा हात वेगळा आहे. त्याचा तळवा मला लागायचाच नाही, फक्त बोटांची टोकं लागायची. आणि दुसरी गोष्ट अशी की तो माझ्याकडे बघायचा. मला जमिनीवर आपटत पळताना त्याची नजर सारखी माझ्यावर असायची. खाली गेलो की खाली, वर आलो की वर. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मी कुठे चाललोय हे न बघता मला बघत होतं. मी त्याच्या हातातून कधी निसटलो नाही. त्याची चपळाई तर होतीच, पण थोडा माझाही हट्ट होता.

संध्याकाळी बाकीची मुलं चहाला गेली तरी तो एकटा मैदानावर राहायचा. तानबा कुलूप हातात घेऊन ताटकळायचा. आम्हा दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं.

त्याला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं. त्या संघातून खेळलेल्या मुलाला पुढे नोकरीत विचारतात असं सरांनी सांगितलेलं. घरी वडील लहानूजी म्हणत होते की पोराला शिकायला पाठवलं आणि ते चेंडू आपटून राह्यलं. त्यांना दाखवायला प्रेमदासकडे काहीच नव्हतं. वर्तमानपत्रात सामन्याची बातमी यायची, त्यात ओमप्रकाशचं नाव असायचं आणि शेवटी 'इतर खेळाडूंनीही साथ दिली' एवढं. इतर खेळाडू म्हणजे आमचा प्रेमदास.

निवडीसाठी आम्ही नागपूरला गेलो. सरावासाठी सरांनी मलाही पिशवीत घालून नेलं होतं, आणि सामन्यालाही मलाच घेतलं. तिथलं मैदान सिमेंटचं, गुळगुळीत. सामना चुरशीचा झाला. शेवटी शेवटी ओमप्रकाश रिंगखाली अगदी मोकळा उभा होता, हात वर करून ओरडत होता. प्रेमदासला तो दिसलाच नाही. त्याची नजर माझ्यावर होती. तो आपल्या नादात मला घेऊन तिघांच्या घोळक्यात शिरला, आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली.

खुर्च्यांवर बसलेल्या निवड करणाऱ्यांपैकी पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ सरांना सगळं समजावून सांगत होते. मुलगा बुटका आहे पण चपळ आहे, हात फार चांगला, याच्याकडून चेंडू कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. डावा हात मात्र कच्चा. तोंडाने बोलत नाही, आणि गार्डने तर ओरडून संघ हलवायचा असतो. मी पुन्हा पिशवीत होतो, तिथून ऐकत होतो. एकही गोष्ट खोटी नव्हती. मग ते म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे नजर. हा सारखा चेंडूकडे बघतो. अशा मुलाला संघात घेऊन काय करू?"

सगळ्या जगात एकजण माझ्याकडे बघत होता, आणि तोच त्याचा मोठा दोष निघाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या गोल असण्याची लाज वाटली.

परतीच्या गाडीत सरांनी त्याला विचारलं, "काऊन रे, खाली काय पाहून राह्यला होता? बॉल कुठं पळून चालला होता का?"

प्रेमदास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सर, आमच्या इकडं काळी जमीन आहे. भेगाच भेगा. पाह्यलं नाई तं बॉल कोणीकडं उडते, सांगता येत नाई. मी तिथंच शिकलो."

मला वाटलं होतं त्याला माझा लळा आहे. तो तर भेगांना भ्यायचा. पण खरं सांगू, कारण काही का असेना, बघत होता ना. मला तेवढं पुरत होतं.

अजून एक वर्ष हातात होतं, तेच शेवटचं. सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत सरांनी मला त्याच्या हवाली केलं आणि सांगितलं की मान वर करायला शीक, मगच परत ये. एरवी सुटीत मी बंद कपाटात उकडत पडायचो. त्या वर्षी समुद्रपूरच्या एसटीत त्याच्या मांडीवर बसून गेलो.

त्याच्या घरासमोर छोटं अंगण होतं. त्याची आई जिजाबाई दारात भाजी निवडत बसायची. त्याने तिला काम सांगितलं होतं. तिने हातात काहीतरी वर धरायचं, आणि त्याने मला आपटत आपटत ते काय आहे ते ओळखायचं.

"काय आहे माह्या हातात?" ती विचारायची.

"वांगं."

"आता?"

"काही नाई."

"काही नाई कसं? बोट आहे माह्यं."

सुरुवातीला माझे फार हाल झाले. मी ढेकळावर आपटून भलतीकडे उडायचो, नालीत जायचो, आणि तो आईकडेच बघत राहायचा. एकदा लहानूजी शेतातून आले. बायकोच्या मागे उभे राहून त्यांनी न बोलता पायातली चप्पल काढून वर धरली. "बाबाची चप्पल," प्रेमदास म्हणाला. तिघंही हसत सुटले. मीही हसलो असतो, पण मी तेव्हा बकरीच्या पायात होतो.

ते घर हसत होतं आणि मला माझं काय होणार ते दिसत होतं. तो शिकला की माझ्याकडे बघणारं कुणी उरणार नव्हतं. मनात यायचं, मुद्दाम निसटावं, त्याला खाली बघायला लावावं. पण त्याच्या बोटांखाली मला ते जमायचं नाही.

एका संध्याकाळी मी उसळून कुंपणावर गेलो आणि बाभळीचा काटा थेट आत घुसला. फुस्स करून हवा गेली. प्रेमदास धावत आला. कॉलेजचा चेंडू, दुसरा मिळणार नाही, त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने मला मांडीवर घेतलं, फिरवून फिरवून बघितलं, भोक शोधण्यासाठी डोळे अगदी जवळ आणले. काटा रुतल्याचं मला दुःख झालं नाही. उलट भोक लवकर सापडू नये असं वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी सायकलच्या दुकानात माझ्या ब्लॅडरला ठिगळ लागलं. त्यासाठी उसवलेली शिवण मोच्याने जाड दोऱ्याने पुन्हा घातली. दोरा मूळच्यापेक्षा जाड, त्यामुळे तिथे एक उंचवटा राहिला. घरी येईपर्यंत प्रेमदासचा अंगठा त्या टाक्यावरून फिरत होता.

आणि तिथेच माझं नशीब ठरलं. आता मी त्याच्या हाताखाली आलो की बोटं आपोआप तो टाका शोधायची. टाका लागला की मी कसा वळलोय, किती वर आलोय, हे त्याला कळायचं. जून उजाडेपर्यंत तो आईच्या हातातला जिऱ्याचा दाणासुद्धा ओळखू लागला. माझ्याकडे त्याने बघणं सोडलं.

पुढच्या निवडीत त्याला पुन्हा उतरवायची परवानगी सरांनी खटपट करून मिळवली, आणि सामना याही वेळी आपल्या चेंडूनेच खेळू असंही पटवलं. पुन्हा तेच सिमेंटचं मैदान, तीच टोपी. शेवटी समोर तिघं अंगावर आले. प्रेमदासची मान वर होती. त्याने ओमप्रकाशकडेही सरळ बघितलं नाही, भलतीकडे बघत मला सोडलं, आणि मी अलगद ओमप्रकाशच्या हातात जाऊन पडलो. तसा पास मी आयुष्यात पुन्हा अनुभवला नाही. ओमप्रकाशने मला रिंगमध्ये टाकलं, टाळ्या त्यालाच मिळाल्या. पण टोपीवाले गृहस्थ खुर्चीवरून उठले आणि सरांना म्हणाले, "या पोराला सगळं मैदान दिसतं हो."

तो निवडला गेला. डावा हात कच्चाच होता, बोलणंही कमीच होतं, पण निवडला गेला. लहानूजी त्याला बघायला वर्ध्यापर्यंत आले. आणि मी?

वर्ध्याला परतल्यावर प्रेमदास मला ठेवायला या खोलीत आला. सरांशी बोलत होता. कधी नव्हे तो इतका बोलत होता. बोलता बोलताच त्याने कपाट उघडलं, मला आत ठेवलं, दार लावलं. मला वाटलं होतं, निदान आज एकदा बघेल. त्याची नजर सरांवर होती. तानबाने कुलूप घातलं.

पुढचं आयुष्य सांगण्यासारखं नाही. नवे रबरी चेंडू आले. मी सरावाचा झालो, मग गंमत म्हणून लाथा मारायचा झालो, मग कपाटात जागा हवी म्हणून कपाटावर आलो. पाऊस आला की भिंत ओलावते, तेवढा फरक. मुलं येतात, जातात, त्यांचे हात मला माहीत नाहीत. बाहेरचं मैदानही आता सिमेंटचं झालं.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात त्या मैदानावर निवड होती. खिडकीतून आवाज येत होते. कुणीतरी म्हणालं, या मुलाची नजर खाली आहे, सोडून द्या. आणि मग एक आवाज आला. थोडा जाड झालेला, पण मी ओळखला.

"कुठला रे तू?"

"सेलूकडचा, सर."

"तुमच्या इकडं मैदान कसं आहे?"

मुलगा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. जाड आवाज म्हणाला, "याले ठेवा. नजर वर येते. मले माहीत आहे."

दुपारी तो भोयर सरांबरोबर चहाला या खोलीत आला. सरांचे केस पांढरे झाले होते. प्रेमदासच्या अंगावर कोट होता, हातात पिशवी. टेबलावर कप होते, म्हणून पिशवी कपाटावर ठेवावी असं त्याच्या मनात आलं. तो बुटका. कपाटाच्या वर काय आहे हे त्याला खालून दिसत नाही. टाचा उंचावून, सरांशी बोलतच, जागा आहे का हे बघायला त्याने हात वर घातला.

बोटांची टोकं माझ्या अंगाला लागली. ती सरकत सरकत टाक्यावर आली आणि थांबली. बोलणंही मधेच थांबलं.

"सर," तो हळूच म्हणाला, "हा अजून आहे?"

सरांना काय ते समजेना. त्याने सांगितलं नाही. टाचा उंचावून तो तसाच उभा राहिला आणि त्याचा अंगठा टाक्यावरून फिरत राहिला. चहा निवला. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली, त्याने हातातली पिशवी सावरली आणि तो गेला. त्याने मला खाली काढलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. इतकी वर्षं मी त्याच गोष्टीवर रुसून बसलो होतो. त्याला बघावंच लागत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही मान वर केलीत, बरं वाटलं. जाताना दार ओढून घ्या. आणि कधी ही खोली आवरायला निघालात, तर एवढं करा. मला फुंकू नका, धुऊ नका, खाली ठेवू नका. मला इथेच, कपाटाच्या याच काठावर राहू द्या. तो बुटका आहे. त्याचा हात इथवरच पोचतो.