पत्र्याखाली दडवलेली चाल

गंभीरराव संगीतरचना करायचे, पण त्यांच्या रचनेला कुणी चुकून 'गाणं' म्हटलं की त्यांचा चेहरा लिंबू चोखल्यासारखा व्हायचा. गाणी करायची ती इतरांनी. गंभीरराव 'ध्वनिविचार' मांडत. त्यांचा सगळ्यात गाजलेला ध्वनिविचार होता तीन व्हायोलिनं आणि खिडकीची एक काच यांच्यासाठी. पहिल्याच प्रयोगात ती काच वादकाच्या हातून फुटली. दुसऱ्या दिवशी समीक्षकांनी लिहिलं की ते फुटणं हाच रचनेचा कळस होता. तेव्हापासून दर प्रयोगाला काच फोडतात, आणि तालमीला कमी पडली की घरच्या खिडकीवर गदा येते. बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीला शेवटी पुठ्ठाच लावून टाकला.

प्रयोगांना यायचं कोण? दुसरे संगीतकार. ते यांच्याकडे जायचे, हे त्यांच्याकडे. संपलं की एकमेकांचा हात हातात घेऊन, मान किंचित तिरकी करून म्हणायचं, "रोचक." 'रोचक' म्हणजे आपण जिंकलो. 'छान' म्हणजे आपला निकाल लागला. त्यांच्यातल्या एकाच्या रचनेत मागे चुकून एक चाल निघाली होती. प्रयोग सुटल्यावर लोक ती गाड्या काढता काढता गुणगुणत होते म्हणे! तो आता टूथपेस्टच्या जाहिराती करतो आणि बागवाल्या बंगल्यात राहतो. त्याचा विषय निघाला की सगळे हळहळतात.

या सगळ्यांचे सर यंदा निवृत्त होत होते. संगीत विद्यालयातली त्यांची खोली म्हणजे काय थाट! मोठा पियानो, जाड पडदे आणि शांतता. गंभीरराव मात्र इतकी वर्षं तळमजल्यावर, व्यायामशाळेच्या भिंतीला लागून मुलांना सरगमीचे धडे देत होते. पलीकडे कुणी वजन खाली टाकलं की इकडे पियानोचं झाकण थडथडायचं. सरांनी जाहीर केलं होतं, "वार्षिक मैफलीत तुझी नवी रचना ऐकतो, मग ठरवतो." रचना पसंत पडली तर सरांची खोली. नाही तर जन्मभर व्यायामशाळा.

म्हणून गंभीरराव हट्टाला पेटले. रंगीत पेन्सिली, फूटपट्टी आणि फासे घेऊन बसले. फासे टाकायचे, येईल तो स्वर लिहायचा, म्हणजे स्वतःची आवडनिवड मध्ये लुडबुडत नाही. सगळं झकास चाललं होतं. पण एका दुपारी ढमी तापाने फणफणली. ढमी म्हणजे त्यांची लेक, नुकतीच शाळेत जायला लागलेली. बायको औषध आणायला गेलेली. ढमी बापाच्या डाव्या दंडावर डोकं ठेवून झोपली, तिचा पाय लागून फासे टेबलाखाली गेले, फूटपट्टीही गेली. हलावं तर पोर जागी होणार. मग गंभीररावांनी एका हाताने, तिच्या श्वासाच्या लयीत, कानात जे येत होतं ते सरळ लिहून काढलं. चेलोसाठी, म्हणजे त्या खर्जातल्या थोरल्या व्हायोलिनसाठी. ढमी घामेजून उठली, ताप उतरला, आणि ते पान बाकीच्या पानांत जाऊन बसलं.

आठवड्याभराने चेलोवाली घरी तालमीला येऊन गेली. संध्याकाळी ढमी तोंडात ब्रश घालून काहीतरी गुणगुणत होती.

"काय गं हे?"

"तुझंच की, बाबा," फेस उडवत ढमी म्हणाली.

"माझं गुणगुणता येत नाही!"

"येतंय बरं का," बायको आतून ओरडली. "अहो, मीपण मघापासून तेच म्हणतेय. त्या नादात दूध उतू गेलं!"

गंभीररावांच्या तोंडचं पाणी पळालं. पानं उलटून पाहतात तो काय, खरंच चाल! सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी. सर ऐकतील, 'छान' म्हणतील आणि संपलं.

त्यांनी खोडरबर उचललं. पण हात काही पुढे जाईना.

"मग राहू द्या की," बायको म्हणाली. "एक चाल निघाली म्हणून काय पोलीस पकडायला येणारेत?"

"तुला नाही कळायचं."

"मला चाल कळते. तुमचं बाकीचं नाही कळत."

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. चाल ठेवायची, पण ती सुरू होताच वर लोखंडी पत्रा बडवायचा. असा बडवायचा की खाली चेलो आहे हे चेलोवालीलाही कळू नये. मनात म्हणाले, मला ठाऊक आहे ना, बास झालं.

मैफलीच्या दिवशी सर पहिल्या रांगेत, हनुवटी काठीवर टेकवून. मागच्याच रांगेत गंभीरराव, बायको आणि ढमी. कोपऱ्यात पत्रेवाला हातोडा घेऊन उभा. आपली पाळी येईपर्यंत बोटांवर मात्रा मोजत राहायचं, एवढंच त्याचं काम. मोजता मोजता चाल सुरू झाली. पत्रेवाल्याने हातोडा उचलला, आणि उचललेलाच राहिला. गडी ऐकत बसला! बोटं थांबली, मोजणी गेली, तोंड अर्धवट उघडं.

चाल उघड्यावर आली.

सभागृहात कधी न घडलेली गोष्ट घडली. लोकांनी खुर्च्यांत पाठ टेकली. एका म्हातारीने डोळे मिटले. आणि रचना संपल्यावर टाळ्या! त्याही 'रोचक'वाल्या नाहीत, खऱ्या, हात लाल होणाऱ्या. गंभीररावांना वाटलं आपण तरंगतोय. ढमीने त्यांचा अंगठा घट्ट धरला होता.

तेवढ्यात सर उठले. काठी टेकवली. टाळ्या बंद.

"काय रे," सर म्हणाले, "ती मधली चाल. मनापासून होती, की उपहास होता?"

अख्खं सभागृह माना उंचावून गंभीररावांकडे बघायला लागलं. गंभीररावांनी तोंड उघडलं. 'मनापासून' हा शब्द जिभेवर आलाही होता. पण सरांच्या खांद्यावरून त्यांना जाड पडदे दिसले, शांतता दिसली.

"उपहास, सर," ते म्हणाले. "अर्थातच उपहास."

सरांचा चेहरा उजळला. "वाटलंच मला! लोकांच्या हळवेपणाची काय भेदक थट्टा! आणि पत्रेवाला हातोडा उगारून थांबतो, वा!" ते सभागृहाकडे वळले. "उद्यापासून माझ्या खोलीत हा बसेल. आणि तो भाग पुन्हा वाजवा. आता समजून ऐकूया."

डोळे मिटलेल्या म्हातारीने डोळे उघडले आणि ओशाळून पर्स चाचपली. आपण फसलो हे एकेकाच्या लक्षात येत होतं, आणि फसलेल्या माणसाला फार हुशार दिसायचं असतं. चेलोवालीने एकदा गंभीररावांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि वाजवायला घेतलं.

या वेळी लोक हसले. चाल वर गेली की खुदकन, खाली आली की एकमेकांना कोपराने ढोसून. सगळ्यात गोड जागी तर हशाच पिकला. बायकोने गंभीररावांकडे पाहिलं नाही. ती नुसती समोर बघत राहिली.

"बाबा," ढमीने विचारलं, "हे का हसतायत?"

"विनोद आहे तो."

"कुठला?"

गंभीरराव काही बोलणार होते, पण त्याच क्षणी सर हसत हसत मागे वळले आणि त्यांच्याकडे पाहू लागले. आता हसायलाच हवं होतं. ते हसले. आणि नवीन जागेला शोभेल इतकं मोठ्याने हसले.