तीन न्यायाधीश आणि एक हात

शिकागोच्या कोर्टात तीन न्यायाधीश लोर्ना व्हँडिव्हरच्या उजव्या हाताबद्दल बोलत होते, आणि ती मागच्या बाकावर तोच हात मांडीवर घेऊन बसली होती.

पीओरियाच्या पंप कारखान्यात तिचा जन्म गेला. बोटं बधिर पडू लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, खांद्यापाशी नस दाबली गेलीय, शस्त्रक्रिया हवी. कारखान्याने कामगारांसाठी घेतलेल्या विम्याची कंपनी म्हणाली, व्यायाम पुरे. असा तंटा झाला तर बाहेरच्या डॉक्टरने निकाल द्यावा आणि कंपनीने तो मुकाट्याने मानावा, असा राज्याचा कायदा. निकाल लोर्नाच्या बाजूने लागला, पण कंपनी अडून बसली. म्हणे, मालकाने दिलेल्या विम्यावर केंद्राचा कायदा चालतो, राज्याचा नाही.

"केंद्राचा कायदा कशासाठी केलेला?" लोर्नाने वकीलबाईंना विचारलं होतं.

"कामगारांची पेन्शन, मालकाने कबूल केलेले उपचार कुणी बुडवू नयेत म्हणून," टेरेसा बोहॅनन म्हणाल्या.

"म्हणजे माझ्याच भल्यासाठी?"

"तुमच्याच. त्यातलं एक वाक्य म्हणतं, इथं राज्यांचे कायदे बाद. दुसरं म्हणतं, विम्याचे तेवढे सोडून. त्या दोन वाक्यांपायी आमच्यातल्या कित्येकांचे केस पिकले."

आता मधल्या न्यायाधीशबाई कंपनीच्या वकिलाला शांतपणे विचारत होत्या, "तुमच्या अशिलाने विमाच विकला ना?"

"हो, पण..."

"मग विम्याचा कायदा त्याला का नको?"

लोर्नाचा श्वास अडकला. एवढा मोठा देश, त्याची इतकी राज्यं, वॉशिंग्टन; सगळ्यांचा भार येऊन तिच्या एका नसेवर टेकला होता, आणि आवाज कुणीच चढवत नव्हतं.

ती जिंकली. शस्त्रक्रियेनंतर एका सकाळी कॉफीच्या गरम कपाचा बोटांना चटका बसला, तेव्हा ती किती तरी वेळ त्या बोटांकडेच बघत राहिली.

शेजारच्या गस प्रुएटच्या पाठीची शस्त्रक्रिया अशीच अडली होती. त्याच्या सांगण्यावरून तिने त्याच्यासमोरच टेरेसाबाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्या हळूच म्हणाल्या, "त्याचा कारखाना विमा विकत घेत नाही, उपचारांचा खर्च स्वतःच करतो. तिथं विमाच नाही, म्हणून राज्याचा हात पोचत नाही."

"म्हणजे कुंपणाच्या अलीकडे एक कायदा न् पलीकडे दुसरा?" गस हसला. "मग मी तुझ्याकडेच राहायला येतो, लोर्ना."

तिला हसू आलं नाही. कोर्टात अडकला होता तसाच श्वास पुन्हा अडकला, फक्त या वेळी भीतीने: त्याच दोन वाक्यांनी तिचा हात वाचवला होता, आणि गसची पाठ वाऱ्यावर सोडली होती.