त्सुनेओची हमी

"पुन्हा एकदा," माकिमुराबाई म्हणाल्या. "तुमचा मुलगा कामाला कसा आहे?"

"कामचुकार आहे," त्सुनेओ हातोरी म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर दोघं बसले होते. आत जायची वेळ होत आली होती.

"हातोरीसान, परक्यांसमोर आपल्या पोराला नावं ठेवायची रीत मलाही माहीत आहे. माझी आईही मला चारचौघांत बावळटच म्हणते. पण न्यायाधीश म्हणजे घरी आलेले पाहुणे नव्हेत. तुम्ही कामचुकार म्हणालात तर ते तसंच धरून चालतील."

"जन्मात त्याला चांगलं म्हटलेलं नाही. तोंड वळत नाही."

"आज वळवा."

त्सुनेओने मान हलवली. अमागासाकीत त्याचं सार्वजनिक न्हाणीघर होतं, बापाच्या काळापासूनचं. पाडलेल्या घरांचं लाकूड आणून भट्टी पेटवायची, पाणी तापवायचं आणि चार वाजता, न्हाणीघर उघडल्याची खूण म्हणून, दारावर पडदा टांगायचा, यात त्याचं आयुष्य गेलं. कोहेई त्याचा एकुलता एक मुलगा, चौतिशीचा. स्टेशनबाहेर पोलिसांनी त्याला अडवलं तेव्हा जाकिटात अमली पदार्थाच्या पांढऱ्या भुकटीची पाकिटं सापडली. त्यातलं एक त्याने जुन्या सोबत्याला दिल्याचंही उघड झालं. ही त्याची दुसरी खेप होती.

पहिल्या खेपेला त्याची आई हमीला उभी राहिली होती. 'डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन,' असं ती न्यायाधीशांना म्हणाली होती आणि कोर्टाने शिक्षा स्थगित ठेवली होती. ती मुदत संपली आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. आता हमीला बापच उरला होता.

"पहिल्यांदा सापडलेल्याला कोर्ट बहुधा सोडतं," माकिमुराबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "दुसऱ्यांदा बहुधा आत घालतं. शिक्षा स्थगित ठेवून त्याला प्रोबेशनवर, म्हणजे सरकारी देखरेखीखाली बाहेर ठेवा, असं आपण मागणार आहोत. घरी त्याच्यावर नजर ठेवणारं माणूस आहे, हे पटलं तरच ते मिळेल."

आता त्यांनी शेवटचा प्रश्न काढला. "तो घरात सुया टोचून घेत होता. तुमच्या लक्षात आलं होतं का? सरकारी वकील हे विचारणारच."

"नाही," त्सुनेओ म्हणाला.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

कोहेईला आणलं ते हातात बेड्या, कमरेला दोर आणि पायांत प्लॅस्टिकच्या सपाता अशा अवस्थेत. पहारेकऱ्यांनी दोर सोडला. त्याने बापाकडे पाहिलं नाही. अंगात लांब बाह्यांचा सदरा होता.

त्सुनेओने उभं राहून शपथ वाचली. काही लपवणार नाही, खोटं बोलणार नाही. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

माकिमुराबाईंनी सोपे प्रश्न आधी घेतले. मुलगा सुटला तर कुठे राहील? घरीच. उपचार? शनिवारी दवाखान्यात नेईन. कामाला कसा आहे?

त्सुनेओ थांबला. इतका थांबला की न्यायाधीशांनी मान वर केली.

"भट्टीची आच त्याला कळते," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बरी कळते."

कोहेईने मान उचलली. एवढं बापाच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं.

सरकारी वकील तरुण होता, आवाज मऊ. "तुम्ही एका छपराखाली राहता, एका भट्टीवर काम करता. आठवड्यातून दोन-तीनदा टोचून घेत होतो, असं आरोपीच सांगतो. तुम्हाला पत्ता लागला नाही?"

बापाची नजर मुलाच्या बाह्यांवर गेली.

"लागला होता."

माकिमुराबाईंचं पेन थांबलं.

"केव्हा?"

"ओबोनच्या सणाआधी. भर उन्हाळ्यात भट्टीपुढे पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लागला. आणि न्हाणीघराच्या मालकाचा पोरगा असून हौदात उतरेना. मागे बॉयलरखोलीत, नळीच्या पाण्याने एकटाच अंग धुवायचा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"का?"

"गिऱ्हाइकांच्या कानावर जाईल म्हणून." त्सुनेओने ओठ ओले केले. "आणि विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं. मग मला काहीतरी करावं लागलं असतं."

बाकांवर कुणीतरी खाकरलं. सरकारी वकिलाने आवाज चढवला नाही. "म्हणजे मागे आईने शब्द दिला, तो टिकला नाही. या वेळी तुम्हाला माहीत असून तुम्ही गप्प बसलात. मग तुमच्या देखरेखीवर कोर्टाने विश्वास ठेवावा तो कशाच्या जोरावर?"

प्रश्न रास्त होता. त्सुनेओलाही तो रास्तच वाटला. आईच्या शब्दाचा उल्लेख निघाला तेव्हा कोहेई गुडघ्यांकडे बघायला लागला होता.

"चार वाजता आमचं पहिलं पाणी असतं," त्सुनेओ हळूहळू बोलू लागला. "जुनी गिऱ्हाइकं येतात. रोज त्या वेळी त्याला त्यांच्यात बसवीन. मीही बसेन. तिथे कुणाच्या अंगावर काही नसतं."

"बस, इतकंच?"

"दवाखाना आहे, बाईंनी सांगितलंय ते सगळं आहे. ते मी करीन. पण त्यातलं मला कळत नाही. हे कळतं."

"मग गिऱ्हाइकांनाही कळेल."

"कळेल."

"ती यायची बंद झाली तर?"

त्सुनेओची नजर पुन्हा मुलाच्या बाह्यांवर गेली.

"आणि तुम्हीच उरला नाहीत तर? वय काय तुमचं?"

"अडुसष्ट. तेव्हाचं मला सांगता येणार नाही."

"माझे प्रश्न संपले," असं म्हणून सरकारी वकील बसला. शेवटी त्याने तीन वर्षांचा तुरुंगवास मागितला. आरोपीच्या घरात त्याला धाक घालणारं कुणी नाही, हे वडिलांच्याच जबाबावरून दिसतं, असंही तो म्हणाला.

बाहेर लिफ्टपाशी माकिमुराबाईंचा तोल गेला. "मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं!"

"हो."

"आधी सांगितलं असतंत तर मी तो विषय स्वतः काढला असता, सावरून घेतला असता."

"मला वाटलं, तुम्ही मला उभंच करणार नाही."

बाई लिफ्टचं बटण दाबत राहिल्या. आधीच दाबलेलं होतं ते. "आता निकालापर्यंत थांबायचं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करणार?"

निकालाला दोन आठवडे होते. कोर्टातल्या बाकांवरून बातमी त्याच संध्याकाळी न्हाणीघरात पोचली. उराबे नावाचा म्हातारा, चटया विणायचा धंदा मुलावर सोपवून रोज चारच्या ठोक्याला येणारा, कपडे उतरवता उतरवता म्हणाला, "काय मालक, तुमच्या पोराला आमच्या मांडीला मांडी लावून बसवणार म्हणे?"

"सोडलं तर."

"आम्हाला विचारलंत?"

"नाही."

"कोर्टाला सांगितलंत, आम्हाला नाही. छान!" उराबेने पट्टा टोपलीत टाकला. "लहानपणी माझी पाठ चोळायचा तो. कान धरून शिकवलं मी त्याला, साबण डोळ्यांत घालू नको म्हणून. पण तेव्हाची गोष्ट वेगळी. पोलीस चौकशीला आले तर? माझी सूनबाई आधीच म्हणते, घरात इतका चांगला शॉवर आहे, तिकडे कशाला जाता?"

"तिचं बरोबर आहे," त्सुनेओ म्हणाला.

"बरोबर आहे काय! मालक, निदान भांडा तरी!"

त्सुनेओ भांडला नाही. तो मागे लाकूड फोडायला गेला.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी कोहेईला समोर उभं केलं आणि वाचायला सुरुवात केली. "आरोपीस तीन वर्षांचा तुरुंगवास."

त्सुनेओच्या कानांत भट्टी पेटल्यासारखं झालं. पुढचं त्याला ऐकूच आलं नाही. माकिमुराबाईंचे ताठरलेले खांदे सैलावले तेव्हा वाचन अजून चालू आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

"...निकाल कायम झाल्यापासून पाच वर्षं या शिक्षेची अंमलबजावणी स्थगित राहील. या काळात आरोपी प्रोबेशनवर राहील."

मग न्यायाधीशांनी कागदावरून नजर काढली. "तुमच्या वडिलांनी जे कबूल केलं, ते तुमच्या बाजूचं नव्हतं, तरी त्यांनी ते लपवलं नाही. त्यावरच कोर्टाला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. या पाच वर्षांत पुन्हा हात लावलात तर ही तीन वर्षं आहेतच, वर नवीही. कळलं?"

"कळलं," कोहेई म्हणाला. मग तो वळला आणि बाकांच्या दिशेने कमरेत वाकला. बराच वेळ तो सरळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्सुनेओने गल्ल्यावर मेव्हणीला बसवलं आणि दारावर पडदा टांगला. एरवी दहा-बारा जण ताटकळत असत. आज तिघंच होते, त्यांत उराबे होता. तो पडदा सारून आत गेला.

कपडे काढायच्या खोलीत कोहेईचा हात सदऱ्याच्या गुंड्यांवर अडला.

"बाबा, आज राहू दे का? उद्यापासून बसतो."

"पाणी गार होतंय," त्सुनेओ म्हणाला.

कोहेईने सदरा काढला. कोपरांच्या आतल्या बाजूला काळपट रेघा होत्या, डाव्या हातावर जास्त. तो आत गेला आणि नळांच्या रांगेत उराबेच्या शेजारच्या स्टुलावर बसला. "नमस्कार, काका," तो म्हणाला.

उराबेने त्याच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "आलास," एवढंच म्हणाला. मग त्याने साबण उचलला, पंचा उचलला, घमेलं उचललं आणि तो पलीकडच्या रांगेत, अगदी भिंतीपाशी जाऊन बसला. बाकीच्या दोघांनी माना वळवल्या नाहीत. कोहेई हात मांड्यांमध्ये दाबून बसला. त्याने नळ सोडला नव्हता.

त्सुनेओ पंचा घेऊन आत आला. रिकाम्या झालेल्या स्टुलावर त्याने घमेलंभर गरम पाणी ओतलं आणि तो त्यावर बसला.

"पाठ कर इकडे," तो मुलाला म्हणाला.