सावलीचं माप

दोऱ्याचं टोक विसविशीत झालं होतं. कोटाच्या खिशात रादोस्वेता ते बोटांनी पुन्हा पुन्हा पिळत होती, आणि दर पिळाला ते अधिकच सुटत होतं... लाल लोकर, आईच्या अर्धवट राहिलेल्या विणकामातली. समोर खणलेल्या पायाच्या चराशी तिचे वरिष्ठ, प्रोफेसर काल्चेव, पाठमोरे उभे होते आणि नगराध्यक्षांना समजावत होते, की छपराच्याच पायऱ्या केल्या म्हणजे गाव नाटकाच्या वर बसेल, खाली नाही. गाव नाटकाच्या वर बसेल — हे वाक्य तिचं होतं. छप्परही तिचं होतं. गावाच्या या नव्या कलाकेंद्रात, चितालिश्तेत, वाचनालय कुठे, रंगमंच कुठे, नाचाच्या तालमींचा आवाज नदीकडे कसा निघून जावा, हे सारं तिनं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजलेल्या मिरच्यांच्या वासात आखलं होतं. आणि कुंपणावरच्या फलकावर नाव एकच होतं, काल्चेव. थोड्या वेळानं नगराध्यक्ष भाषणात तेच वाचणार होते. त्याआधी तोंड उघडायचं, नाहीतर कायमचं मिटायचं...

पण तिचं मन कालच्या दुपारीच अडकलं होतं. मेस्त्री झाखारीनं पायाभरणीचा कोंबडा आणून खुंटाला बांधला होता आणि हसत म्हणाला होता, "आर्किटेक्टबाई, कोंबड्यावर खुराडं उभं राहतं. आमचे आजोबा माणसाची सावली घेत. कुणी नकोसं झालं असेल तर सांगा." वाटेवरच्या माणसाची सावली त्याच्या नकळत दोऱ्यानं मोजायची, दोरा पायाखाली चिणायचा, माणूस चाळीस दिवसांत जाई, इमारत उभी राही. तीही हसली होती. मग घरी जाऊन तिनं लोकर शोधली होती.

आई... आई गेली त्या दुपारी काल्चेवांनी फोनवर आधी रंगमंचाच्या सेक्शनचं ड्रॉइंग मागितलं होतं, मग सांत्वन केलं होतं. आणि तिनं — हेच तर — तिनं आधी ड्रॉइंग पाठवलं, मग ती रडली. या माणसानं मला रडण्याचाही क्रम लावून दिला.

ती बुटाची नाडी बांधायला वाकली. सकाळचं ऊन तिरपं होतं. काल्चेवांची सावली खडीवरून थेट तिच्यापर्यंत पोचलेली. आजारानं माणूस वाळला होता, सावली वाळली नव्हती. वाकूनच सरकत, टाचेपासून हॅटच्या कडेपर्यंत तिनं दोरा ताणला, दातांनी तोडला. आपण एक घाणेरडी, आडगावची गोष्ट करतो आहोत हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्या दिसण्यानं हात थांबत नव्हता, उलट अधिक नेमका होत होता. दोरा चरात पडला. काँक्रीट आलं — जड, राखाडी, निर्विकार.

नगराध्यक्ष बोलले. काल्चेवांचं स्वप्न, म्हणाले. तिनं सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ टाळ्या वाजवल्या. गप्प राहणं आता सोपं होतं. जाणाऱ्याचं नाव काय, आज आहे, उद्या नाही.

मग राकियाचे, फळांच्या कडक दारूचे, पेले फिरू लागले आणि काल्चेव तिच्याजवळ आले. त्यांना थंडी वाजत होती. कोटाची बटणं बोटांना जमेनात, म्हणून ती लावू लागली — सवयीनं, घरच्या सुनेनं लावावीत तशी.

"मी हललो नाही, रादा," ते हळूच म्हणाले. "नाडी बांधायला एवढा वेळ लागत नाही. नीट घेतलंस ना माप?"

तिनं उरलेलं बटण लावलं.

"डॉक्टर काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. जायचं तर आहेच. फलक काय, कुणीही उतरवेल... पण ज्याची सावली चिणली तो माणूस इमारतीचा राखणदार होतो, हे झाखारीनं नाही सांगितलं? त्याला मग कुणी हलवू शकत नाही. तेवढं काम तू करून दिलंस, पोरी. नेहमीसारखं."

ते नगराध्यक्षांकडे वळले. कुणीतरी त्यांच्या हातात पेला दिला, ते हसले, खोकले. इतके महिने तो खोकला तिनं आशेनं ऐकला होता. आता त्यांनी जगावं असं तिला वाटत होतं — चाळीस दिवसांच्या पुढे, वर्षानुवर्षं, नळ्या लावून का होईना, वेदनेत का होईना, पण जगावं. ते गेले की इमारत कायमची त्यांची होणार होती; त्यांच्या दर श्वासागणिक ती अजून कुणाचीच नसणार होती... आणि ही दया नव्हे, हे तिला ठाऊक होतं.